बंद क्वारीला नेमकं काय हवं, हे कसं ठरवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्याच्या एका तरुण पर्यावरण अभियंत्याकडे पारसिक डोंगराच्या पश्चिम उतारावरची एक बंद दगडखाण कामासाठी आली आहे. क्षेत्र सुमारे ४ हेक्टर, भाडेपट्टा संपलेला, क्रशर उचलून नेलेला. मागे ३० मीटरच्या आसपास उभा कडा, तळात हिरवं पाणी, एका अंगाला भुकटीचे ढीग, खाली हाकेच्या अंतरावर वस्ती. कंपनीने तीन आठवड्यांत जमीन पुनर्स्थापनेच्या गरजांचा अहवाल मागितला आहे आणि नमुना म्हणून एक जुना अहवाल हातात दिला आहे, ज्याचं पहिलंच प्रकरण वृक्षारोपणाचं आहे. त्या अभियंत्याचं विचारणं असं, की हेक्टरी किती झाडं दाखवायची, खड्डा भरायचा म्हणून लिहायचं की तलाव करायचा म्हणून, आणि सुरुवात कुठून करायची.

मी ठाण्यात राहतो. खाणींचं भूशास्त्र आणि उतारांची स्थिरता हेच माझं इतक्या वर्षांचं काम. त्यामुळे उत्तर लांबेल, पण हे काम नीट झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण खाली माणसं राहतात.

आधी तो नमुना बाजूला ठेवा. झाडांचा आकडा हा या कामात सगळ्यात शेवटी येतो. साइटवरच्या प्रत्येक गोष्टीपाशी थांबून एकच प्रश्न विचारत जा: याला हात लावला नाही तर पुढच्या दहा पावसाळ्यांत याचं काय होईल, आणि त्याचा त्रास कुणाला होईल? भुकटीचा ढीग दर जूनला थोडा थोडा नाल्यात उतरणार असेल, तर तिथे गरज आहे. तळाच्या एका कोपऱ्यात गवत, टाकळा आणि काटेसावरीची रोपं आपापली उगवली असतील, तर तिथे काही करायची गरज नाही, फक्त डंपर आणि जेसीबी त्या कोपऱ्यात शिरू द्यायचे नाहीत. कड्याचा एखादा भाग वीस वर्षं जसाच्या तसा उभा आहे आणि खाली कुणी जात नाही, तर तोही राहू द्या. असं चाळत गेलं की ४ हेक्टरांतली खरी निकड बहुतेक वेळा तीन-चार जागांवर येऊन थांबते, आणि पैसाही तिथेच लागतो.

कागद लवकर उरका, पण वगळू नका. सातबारा, मोजणीचा नकाशा, भाडेपट्ट्याचा करार, खाणकाम आराखडा आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात ५ हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू वगैरे) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं ठरवलं. त्यामुळे त्यानंतर दिलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या छोट्या क्वारींच्या फायलीतही बंद करतानाच्या अटी असायला हव्यात, त्या शोधा. जमीन सिडकोची, महसूलची, वन विभागाची की खासगी, हे नकाशावर रंगवून घ्या. वनजमीन निघाली तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे पुढच्या वापराचे अर्धे पर्याय तिथेच गळतात. मग गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं एकेक करून पाहा. क्रशर कुठे होता, वरची माती काढून कुठे टाकली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाण सुरू होण्याआधी डोंगराचा ओहोळ कुठून वाहत होता. तो ओहोळ आज तुटलेला असतो, पण पाणी आपली वाट विसरत नाही. ड्रोनने नकाशा करणार असाल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर झोन तपासा. विमानतळांच्या आसपास मनाला येईल तिथे ड्रोन उडवता येत नाही.

आता साइट. पहिल्या दिवशी खड्ड्यात उतरू नका, कड्याच्या माथ्यावर जा.

पारसिकचा दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. एका थराच्या पोटात घट्ट, कडक दगड असतो. क्वारी त्याच्यासाठीच काढलेली असते. त्याच्या वरच्या भागात भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांचा मांजऱ्या दगड. आणि दोन थरांच्या सांध्यात कुठे कुठे विटकरी रंगाचा मातकट पट्टा, कधी चार बोटं, कधी मीटरभर. कड्याकडे दुरून पाहिलं तर हा लाल पट्टा आडव्या रेघेसारखा दिसतो आणि अहवालात तो ‘रंगातील फरक’ म्हणून निघून जातो. माझ्या मते संपूर्ण क्वारीत पहिल्यांदा शोधायची जागा हीच. त्यातला मुठीएवढा तुकडा घ्या, उन्हात वाळवा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. शेजारच्या ग्लासात काळ्या दगडाचा तुकडा ठेवा. काळा दगड ढिम्म राहतो. लाल तुकड्यातून बुडबुडे निघायला लागतात, कडा सुटतात, आणि बऱ्याचदा हातातला चहा संपायच्या आत तळाशी चिखल झालेला असतो. ज्या पट्ट्यावर वरचा पंधरा-वीस मीटर दगड टेकला आहे, तो भिजला की असा वागतो. प्रयोगशाळेचे अहवाल नंतर येऊ द्यात, पण या ग्लासांचा फोटो अहवालात जरूर घाला. तो साहेबांनाही कळतो.

दुसरी गोष्ट थरांच्या कलाची. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ सपाट असतात, पण कोकणपट्टीत ते पश्चिमेकडे, समुद्राकडे वाकलेले आहेत. भूशास्त्रात याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, आणि आपला भाग त्याच पट्ट्यात येतो. कल जागोजागी बदलतो, म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका, ब्रंटन कंपासने (थरांचा कल मोजायचं होकायंत्र) स्वतः मोजा. याचा अर्थ तुमच्या क्वारीपुरता काय होतो पाहा. तुम्ही डोंगराच्या पश्चिम अंगावर आहात. मागची मोठी भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे आणि थरही पश्चिमेकडेच उतरतात, म्हणजे थरांचे सांधे भिंतीतून बाहेर, खड्ड्याच्या दिशेने उघडे पडलेत. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना हा धोका फारसा नाही. म्हणून तिन्ही भिंतींना एकच ‘मध्यम धोका’ असा शेरा मारणं चुकीचं आहे. आता कोरड्या दगडावर दहा-बारा अंशांच्या कलाने दगड घसरत नाही, हेही खरं. पण भिजलेला लाल थर, माथ्यावरच्या भेगेत भरलेलं पाणी आणि त्या पाण्याचा मागून येणारा दाब, हे तिन्ही एकत्र आले की गणित बदलतं. मुंब्रा बायपासवर पावसाळ्यात दरडी येतात, हे आपण सगळेच पाहतो. डोंगर तोच आहे.

म्हणून माथ्यावर कड्याला समांतर भेगा शोधा. गवतात लपलेल्या असतात, काठीने चाचपडावं लागतं. भेग सापडली की दोन्ही बाजूंना पोलादी खिळे ठोका, मधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, जवळच्या दगडावर रंगाने क्रमांक घाला. पावसाआधी एक मोजमाप आणि पावसात दर पंधरवड्याला एक, एवढं केलं तरी भेग जागी आहे की चालू आहे हे कळतं. माथ्यावर मुरूम आणि मातीचा थर किती जाड आहे तेही पाहा, कारण इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये पाड्यावर जी दरड कोसळली ती आपल्याला अजून ताजी आहे. तिथे क्वारी नव्हती. पण भिजलेली माती दगडावरून सुटली की ती पाड्याला वेळ देत नाही, एवढं आपण सगळे तिथे शिकलो.

मग खाली या आणि पडलेले दगड पाहा. ताजा तुटलेला काळा पाषाण निळसर-करडा दिसतो. जुना तांबूस होतो, त्यावर शेवाळ आणि दगडफूल चढतं. निळसर चेहऱ्याचे दगड किती आहेत आणि कड्यापासून सगळ्यात लांबचा कुठे जाऊन थांबला आहे, ते टेपने मोजा. त्या अंतरात मुलांची पायवाट, शौचाला जायची जागा किंवा झोपडी येते का, यावर कुंपणाची जागा ठरते. हे करताना हेल्मेट आणि सोबतीला एक माणूस असल्याशिवाय भिंतीखाली जायचं नाही. आणि कड्यावर किंवा तळात अर्धवट भरलेली सुरुंगाची भोकं, वायरचे तुकडे दिसले तर हात न लावता तिथूनच मागे फिरा आणि परवानाधारक ब्लास्टरला बोलवा. फसलेले सुरुंग बंद क्वारीत राहिलेले असू शकतात. जुन्या कामगारांना विचारा. दगडफोडीत आयुष्य घालवलेल्या वडार समाजातल्या वयस्क माणसांना कुठली भिंत ‘बोलते’ आणि कुठे सुरुंग वाजला नव्हता, हे बरोबर आठवतं. त्यांच्याशी बोलण्यात घालवलेली दुपार मला कधी वाया गेलेली वाटली नाही.

आता कड्याचं करायचं काय? नमुना अहवालात बहुधा दोन वाक्यं असतील: बाक (कड्यात कापलेल्या मोठ्या पायऱ्या) पाडावेत, किंवा भराव घालून उतार द्यावा. दोन्हींचा हिशेब स्वतः करून पाहा. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ प्रमाणे कठीण दगडात बाकाची उंची साधारणपणे ६ मीटरपेक्षा जास्त नसावी. ३० मीटरच्या सरळ भिंतीला ६ मीटर उंचीचे आणि तेवढ्याच रुंदीचे बाक द्यायचे म्हटले तर मध्ये चार बाक येतात, म्हणजे माथा २४ मीटर मागे सरकतो. मागे भाडेपट्ट्याची हद्द असेल, वनहद्द असेल, आणि खाली वस्ती असताना सुरुंग कोण लावू देणार? भरावाचं पाहा. ३० मीटर उंचीला दीडास एक उतार द्यायचा तर पाया ४५ मीटर, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला ६७५ घनमीटर माल. भिंत ३०० मीटर लांब असेल तर दोन लाख घनमीटरांच्या वर. १० घनमीटरचा डंपर धरला तर वीस हजारांहून जास्त खेपा, त्याही वस्तीतल्या रस्त्यावरून. हा माल येणार कुठून? दुसरा डोंगर फोडून, किंवा मग शहरातलं डेब्रिज. क्वारी भरण्याच्या नावाखाली न निवडलेलं डेब्रिज टाकलं जाण्याचा धोका नवी मुंबईत खरा आहे. त्यात प्लास्टर, जिप्सम, रंग, प्लॅस्टिक, लाकूड सगळं येतं, ते असमान बसत राहतं आणि त्यातून झिरपलेलं पाणी खाली उतरतं. म्हणून ‘खड्डा भरावा’ हे वाक्य माल कुठला, कोण तपासणार आणि कोण दाबून बसवणार हे लिहिल्याशिवाय अहवालात येऊ देऊ नका.

बहुतेक क्वारींत व्यवहार्य मार्ग मधला असतो. सुटे दगड ब्रेकरने आणि पहारीने पाडून घ्यायचे, पायथ्याशी दगड अडवणारा चर आणि बांध घालायचा, माथ्यावर पाणी कड्याकडे येऊ न देणारी गटार काढायची, लाल थराच्या जागी पाण्याला बाहेर पडायला वाट द्यायची, आणि ज्या लांबीत भेग चालू आहे तेवढ्याच लांबीत भराव किंवा उतार कापणं. बाकीचा कडा कडा म्हणून राहू द्यावा. दगड पाडण्याआधी एक सकाळ दुर्बीण घेऊन बसा. शृंगी घुबड अशाच कपारींत घरटी करतं, आणि घरटं असेल तर काम पिल्लं उडून जाईपर्यंत थांबवणं हीसुद्धा गरजच आहे.

पाण्याकडे येऊ. माझं म्हणणं इथे ठाम आहे: पावसात न पाहिलेल्या क्वारीचा अहवाल अपुरा असतो. मेमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत जुलैत लाल थराच्या रेघेवर जागोजागी पाझरताना मी पाहिली आहे. त्या पाझराच्या जागा उन्हाळ्यात ओळखायच्या तर पांढरट क्षारांचे ओघळ, शेवाळाचे काळे पट्टे आणि फटीतून निघालेली उंबर-पिंपळाची रोपं पाहा. भर उन्हाळ्यात पिंपळ हिरवा आहे म्हणजे त्याच्या मुळाशी ओल आहे.

आपल्या पट्ट्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. २ हेक्टरांच्या उघड्या खड्ड्यात नुसता वरून पडणारा पाऊस धरला तरी ५० हजार घनमीटर, म्हणजे ५ कोटी लिटर होतो. वरच्या डोंगरावरून येणारं वेगळं. ते वेगळं पाणीच महत्त्वाचं. नकाशावर क्वारीच्या माथ्यावरचं पाणलोट आखा. समजा १२ हेक्टर निघालं, उघडा खडक समजून ०.९ अपवाह गुणांक (म्हणजे पडलेल्या पावसाचा नव्वद टक्के भाग वाहून येतो असं) धरला आणि तासाला १०० मिलिमीटरची सर धरली, तर सेकंदाला ३ घनमीटर पाणी कड्यावरून खाली येतं. तुमच्या नमुन्यातली दीड फुटाची गटार त्याच्यापुढे टिकणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस या ४ हेक्टरांवर आला तर फक्त क्षेत्रावरच सुमारे ३८ हजार घनमीटर पाणी पडेल. खड्डा तेव्हा भरलेला असेल तर ते कुठून बाहेर जाईल? बाहेर जायची जागा तुम्ही ठरवली नाही तर पाणी ठरवेल, आणि बऱ्याचदा ती जागा म्हणजे क्वारीच्या ओठावर टाकलेला सैल भराव असतो, ज्याच्या बरोबर खाली वस्ती असते. त्यामुळे पक्क्या दगडात कापलेला सांडवा ही या साइटची माझ्या मते पहिल्या क्रमांकाची गरज निघेल. जाऊन पाहा, मोजा, आणि मी चुकत असेन तर आकड्यांनिशी तसं लिहा.

तळं ठेवायचं की नाही? ठेवण्याजोगं असेल तर ठेवा, रोपांना उन्हाळ्यात पाणी लागतंच. पण क्वारीचं तळं नदीसारखं उतरत जात नाही. काठापासून दोन पावलांवर दहा मीटर खोल असू शकतं, आणि पोहायला उतरलेली मुलं त्यातच बुडतात. खोली लाइफ जॅकेट घालून, तराफ्यावरून वजन बांधलेल्या दोरीने मोजा. किमान एका बाजूला उथळ, हळूहळू उतरणारा काठ करणं आणि बाकीच्या बाजू बंद करणं, हे खर्चाच्या पहिल्या पानावर आलं पाहिजे. पाण्याच्या तपासणीत नेहमीच्या गोष्टींबरोबर नायट्रेट घ्या, कारण ब्लास्टिंगला वापरलेल्या अमोनियम नायट्रेटचा अंश राहू शकतो, आणि क्रशर-गॅरेजच्या जागेजवळ तेलाचा अंशही पाहा. एक दिलासा आहे: काळ्या पाषाणात गंधकाची खनिजं जवळजवळ नसतात, म्हणून कोळशाच्या खाणींसारखं आम्लपाणी इथे निघत नाही. डासांसाठी महापालिकेच्या मलेरिया विभागाशी बोलून गप्पी मासे सोडण्याचं लिहून टाका.

आता भुकटी, म्हणजे क्रशरची डस्ट. तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. डोंगरातल्या ओढ्यांत सोनं धुणाऱ्या खाणींचा अनुभव इथे कामाला येतो. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात १८५३ पासून पाण्याच्या जोरदार झोतांनी टेकड्याच्या टेकड्या धुऊन सोनं काढलं. तो गाळ नद्यांत उतरला, खालची शेतं आणि गावं गाळाने भरली, आणि १८८४ मध्ये न्यायमूर्ती लोरेंझो सॉयर यांच्या निकालाने नद्यांत गाळ सोडण्याला बंदी आली. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो गाळ पार सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत मोजला होता. खाण बंद झाली तरी गाळाचा प्रवास दशकानुदशकं चालूच राहिला. त्या खाणींत मागे मोठाले गोटे उरतात आणि बारीक माल वाहून जातो, म्हणून तिथे ओढ्याचं पात्र आणि बारीक माती पुन्हा तयार करणं ही मुख्य गरज असते. आपल्याकडे उलट आहे: खडी आणि डबर विकला गेला, बारीक भुकटी मागे राहिली. पण गाळ जिथे तयार होतो तिथे राहत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणून क्वारीच्या हद्दीवर थांबू नका. नाल्याने खाली चालत जा. पारसिकचे नाले एमआयडीसीतून, वसाहतींतून जात शेवटी खाडीकडे जातात. सिडकोने भरतीच्या वेळी शहरात पाणी शिरू नये म्हणून धारण तलाव बांधलेत, आणि गाळ साचला की त्यांची पाणी धरायची ताकद कमी होते. त्याच्या पलीकडे ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ मध्ये जाहीर झालेलं आणि २०२२ पासून रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत असलेलं. तुमच्या भुकटीचा वाटा किती, हे सांगायला नाल्यात क्वारीच्या वर आणि खाली, एकाच सरीत, एकाच वेळी पाण्याचे नमुने भरा आणि त्यातला गाळ वाळवून तोला.

ढिगाचा स्वभाव घरच्या घरी कळतो. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश भुकटी, बाकी पाणी, जोरात हलवा आणि टेबलावर ठेवा. रेतीचे कण मिनिटभरात खाली बसतात. ०.०२ मिलिमीटरच्या कणाला स्थिर पाण्यात एक मीटर उतरायला सुमारे पाऊण तास लागतो, ०.००२ मिलिमीटरच्या कणाला तीन दिवसांहून जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळीही बाटली दुधी असेल, तर नाल्याच्या तोंडाशी बांधलेला छोटासा गाळबांध नुसता देखावा ठरेल. अशा वेळी गाळ पकडण्यापेक्षा तो सुटूच न देणं स्वस्त पडतं: ढिगाचा उतार कमी करायचा, वरून वाहणारं पाणी वळवायचं, काथ्याची जाळी आणि वाळ्याच्या ओळी लावायच्या. ढीग मोठा आणि स्वच्छ असेल तर पेव्हर ब्लॉकवाले तो घेतील का, हे विचारून पाहा. मात्र उचलायला जिल्हा खनिकर्म कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं, तेही लिहा.

माती आणि झाडं शेवटी, आणि थोडक्यात. क्वारीच्या तळात माती नसते. पोलादी सळई ठोकून पाहा. डंपरांनी दाबलेल्या तळात ती हातभरही जात नाही. एका हेक्टरावर नुसता ३० सेंटिमीटरचा थर द्यायचा तरी ३,००० घनमीटर माती लागते, ३०० खेपा. त्यामुळे सगळीकडे माती पसरायचा विचार सोडा. जुनी काढलेली माती कुठे टाकली हे तुम्ही आधीच शोधलं असेल, ती पहिली वापरा. तळ फोडून पट्टे आणि कप्पे करा आणि तिथेच माती, शेणखत, पालापाचोळा एकवटा. २ बाय २ मीटरवर लावलं तर हेक्टरी २,५०० रोपं बसतात हे खरं, पण हा आकडा लावण्याजोग्या जमिनीचा आहे. तुमच्या ४ हेक्टरांतून कडा, पाणी, दगड पडण्याचा पट्टा, सांडवा आणि आपोआप सावरलेली जागा वजा करा. एक-सव्वा हेक्टर उरलं तरी चांगलं म्हणायचं. झाडं निवडायला शेजारचा न खणलेला उतार पाहा, तिथे उथळ मातीत जे तगतं तेच: पळस, पांगारा, काटेसावर, कुडा, आपटा, शिवण, मानवेल बांबू, आणि फटींत उंबर-पायर. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर हिरवं दाखवतात, पण मी ती सुचवत नाही. सुबाभूळ सगळीकडे पसरते आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही.

हे सगळं करताना खालच्या वस्तीत, गावठाणात आणि वरच्या आदिवासी पाड्यात जाऊन बसा. तळ्यावर कपडे कोण धुतं, शेळ्या कुठून चढतात, गणपती विसर्जन होतं का, पूर्वी झरा कुठे होता. जागेचा पुढचा वापर त्यांना न विचारता ठरवला तर कुंपण पहिल्याच पावसाळ्यात तोडलं जातं, आणि त्यात दोष त्यांचा नसतो, कारण रोजची वाटच तिथून जाते. वाट ठेवा, पण दगड पडण्याच्या पट्ट्याबाहेरून.

तीन आठवड्यांत हे सगळं होणार नाही. साहेबांना सरळ सांगा की आत्ताचा अहवाल प्राथमिक आहे. त्यात कड्याचं मोजमाप, भेगांचे खिळे, पाणलोटाचा हिशेब, ढिगाचा अंदाज आणि तातडीच्या गोष्टी येतील. पाझर, गाळ आणि तळ्याची पातळी जुलै-ऑगस्टच्या भेटीनंतर पुरवणीत. तातडीच्या यादीत कुंपण, सूचनाफलक, सांडव्याची तात्पुरती वाट आणि फसलेल्या सुरुंगांची तपासणी एवढं असू द्या, आणि ते पावसाआधी व्हायलाच हवं असं स्पष्ट वाक्य लिहा. निधीसाठी पट्टाधारकाची जबाबदारी आधी, ती वसूल होत नसेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे प्रस्ताव. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने ही प्रतिष्ठानं त्यासाठीच आली आहेत की खाणीची झळ बसलेल्या लोकांचं आणि भागाचं हित पाहावं.

खर्चाच्या तक्त्यात प्रत्येक कामापुढे ‘नंतर कोण सांभाळणार’ असा रकाना ठेवा आणि तो रिकामा सोडू नका. रोपांना तीन उन्हाळे पाणी, खिळ्यांची मोजमापं, पायथ्याच्या चरातले दगड उचलणं, आणि गाळबांध दरवर्षी ३१ मेच्या आत उपसणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात आधी विसरलं जातं. त्याच्यापुढे खात्याचं नाव, पदनाम आणि वार्षिक तरतुदीची रक्कम लिहून घेतल्याशिवाय अहवालावर सही करू नका.